घरकाम करणाऱ्या बायका, राज्यघटना आणि आपला उंबरठा (कोकणापुरती चर्चा)

सुरंगी (रत्नागिरी)

आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव आला: कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावं. कारण दिलं विजेच्या बिलाचं. दूधवाला, कुरियरवाला, केबलवाला यांचं नाव ठरावात कुठे नव्हतं. मी तेवढंच विचारलं, तर एक काका म्हणाले, "घटना-बिटना सरकारी कचेरीत. आमच्या बिल्डिंगीत आम्ही ठरवू." ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी घरी येऊन वाचायला बसले. जे हाती लागलं ते इथे टाकतेय, जाणकारांनी भर घालावी.

काकांचं अर्धं खरं आहे. कलम १५(१) सरकारला सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून नागरिकांत भेद करू नकोस. ते माझ्या-तुमच्या घराला थेट लागत नाही. पण त्याच्या पुढचंच १५(२) सरकारपुरतं थांबत नाही. दुकानं, खानावळी, हॉटेलं, आणि सरकारी पैशातल्या किंवा लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते इथे कुणीही कुणाला या कारणांवरून अडवायचं नाही. त्या यादीत विहिरी आणि तलाव का आहेत हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज पडू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला त्या तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला मोर्चा न्यावा लागला आणि पुढचा कोर्टातला दावा १९३७ पर्यंत चालला. ठराव करणारी नगरपालिका होती, अडवणारी गावातलीच माणसं होती. घटना लिहिणाऱ्याला हे पुरतं ठाऊक होतं.

मग कलम १७, अस्पृश्यता नष्ट. आणि कलम २३, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी बंद. यांतली मनाई फक्त राज्यसंस्थेला उद्देशून नाही, म्हणजे ही दोन्ही तुम्हा-आम्हालाही बांधतात. वेठ म्हणजे काय हे आपल्या आज्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. खोताच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या) घरी कुळाने फुकट राबायचं, बायकांनी खळं सारवायचं, लग्नकार्यात भांडी घासायची. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला तो याच व्यवस्थेविरुद्ध. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

आणि आज आपल्याकडे घरकामाला असतं कोण? शहरात चार घरची धुणीभांडी करणारी. गावात चाकरमान्यांची बंद घरं उघडून झाडलोट करणारी, जिला मे महिन्यात आणि गणपतीत अचानक दहा माणसांची भांडी पडतात. मुलं मुंबईला आणि आईवडील इथे, म्हणून नोकर पुरवणाऱ्या ब्युरोकडून आणलेली चोवीस तासांची बाई. होमस्टेमध्ये चादरी बदलणारी. आंबा बागेच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) राहणाऱ्या नेपाळी राखणदाराची बायको, जी मालकाच्या घरचंही काम करते. या पाचही जणींना कायदा वेगवेगळा लागतो, आणि पाचहीजणींकडे आपण कुठे काम करतो याचा साधा चिटोरा नसतो. माझ्या मते सगळं अडतं ते इथेच. कलमं भरपूर आहेत, पण ती लावायची तर आधी काम होतं हे सिद्ध करावं लागतं.

तिरफळ

वाचतेय. लिफ्टचं बिल माणसाच्या धंद्यावर ठरतं हे नव्यानेच कळलं.

खाजणवाट (चिपळूण)

सुरंगीताई, मांडणी नीट आहे. वकिली करतो म्हणून थोडी भर.

लिफ्टबद्दल घाईने १५(२) वर उडी मारू नका. खाजगी सोसायटीची लिफ्ट ही 'लोकांसाठी खुली जागा' आहे असं मी छातीठोकपणे कोर्टात म्हणणार नाही. शिवाय १५(२) मधली कारणं जात, लिंग, धर्म ही आहेत. 'घरकाम' हा व्यवसाय त्या यादीत नाही. तुमचा काका तोच फायदा घेणार: आम्ही जात बघत नाही, काम बघतो. सभेत विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाहुणा लिफ्ट वापरतो, कुरियरवाला वापरतो, मग हिलाच का नाही? याचं उत्तर इतिवृत्तात लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मे ठराव मागे घेतले जातात, हा माझा अनुभव.

खरा दम १७ मध्ये आहे. त्याच्यामागे नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ उभा आहे. वेगळा कप, ताट मोरीबाहेर ठेवणं, देवघरात पाऊल टाकू न देणं या गोष्टी अनुसूचित जातीच्या बाईबाबत घडल्या तर तिने 'हे जातीवरूनच केलं' हे आधी सिद्ध करत बसायचं नाही. कायदा तसं गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते. ही तरतूद वकिलांच्याही ध्यानात नसते.

आता कडू भाग. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा जातिवाचक अपमानाला शिक्षा देतो, पण अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' व्हावा लागतो. हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा अपमान दुसरा होतो कुठे? तिचं कामाचं ठिकाणच मुळी चार भिंतींच्या आत. त्याच शिव्या खळ्यात, शेजाऱ्यांसमोर दिल्या तर गुन्हा, स्वयंपाकघरात दिल्या तर नाही. न्यायालयाचा तर्क कळतो, पण फटका कुणाला बसतो तेही दिसतं. अर्थात मारहाण, धमकी, सक्तीने राबवून घेणं यांना नजरेची अट नाही.

गावचा_चाकरमानी

मी वेगळी बाजू मांडतो, राग नसावा. आमचं घर गुहागर तालुक्यात, वर्षातले दहा महिने बंद. वाडीतली एक काकी किल्ली सांभाळते, आठवड्याला झाडते, पावसाच्या आधी कौलं बघायला माणूस लावते. तिला आम्ही घरच्यासारखं वागवतो. गणपतीत साडी, मुलाच्या कॉलेजला मदत, आजारपणात गाडी. ह्यात कलम १४ आणि १७ आणलंत तर उद्या लोक कुणाला ठेवणारच नाहीत, सरळ कुलूप लावतील. सगळी नाती कायद्याने मोजायची का?

करवंद (कुडाळ)

@गावचा_चाकरमानी, तुमच्या काकीला महिन्याचे किती देता ते लिहायचं राहिलं.

माझी आई कळत्या वयापासून दुसऱ्यांची भांडी घासतेय. तिलाही सगळ्या घरांत 'घरच्यासारखं' वागवतात. साड्यांनी आमचं कपाट भरलंय. पण तिचा हात भाजला तेव्हा ज्या घरी भाजला तिथल्या वहिनींनी बर्नॉल दिलं, आणि सुट्टीचे पैसे कापले. घरच्या सुनेचे कापले असते का?

आता कागदाचं सांगते. घरेलू कामगार मंडळात नाव घालायचं म्हणून कुणाकडे तरी काम करत असल्याचा दाखला हवा होता. चार ओळी आणि सही, एवढाच. आई ज्या घरी सगळ्यात जास्त वर्षं जाते तिथे गेली. घरी येऊन पदर झटकत म्हणाली, "दाखलो मागूक गेलंय तर वहिनी म्हणतत, आज दाखलो मागतंस, उद्या फंड मागशीत. आमी काय कंपनी आसंव?" दुसऱ्या घरी 'हे आले की विचारते' झालं, ते 'हे' अजून आलेले नाहीत. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने सही केली, जिच्याकडे आई सगळ्यात कमी काम करते. त्या कागदावर बाईंनी स्वतःच्या हाताने 'प्रामाणिक व कष्टाळू' असं जास्तीचं लिहिलं. आईने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या आत ठेवलाय. कार्यालयात झेरॉक्स दिली, मूळ द्यायला तयारच होईना.

तिरफळ

'हे' अजून आलेले नाहीत. __/\__

गावचा_चाकरमानी

@करवंद, प्रश्न रास्त आहे, पण चारचौघांत आकडा सांगायचा विषय नाही. मला सरळ माहिती हवी आहे: असा दाखला दिला तर माझ्यावर कायद्याने नेमकं काय येतं? फंड, ग्रॅच्युइटी, विमा? लोक घाबरतात ते याला.

खाजणवाट (चिपळूण)

भीती निराधार आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना, कामगार राज्य विमा दहा किंवा जास्तवाल्यांना. तुमच्या घरात एक काकी आहे. दाखल्यात 'ही माझ्याकडे अमुक सालापासून घरकाम करते' एवढंच असतं, त्याने तुम्ही कारखानदार होत नाही.

मंडळ म्हणजे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ, कायदा २००८ चा. वय १८ ते ६०. अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. रत्नागिरीवाल्यांनी रत्नागिरीला, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला. वयाचा पुरावा, रहिवास, फोटो आणि तो दाखला. कायद्यात अपघात, मुलांचं शिक्षण, आजारपण, दोन अपत्यांपर्यंत प्रसूती, अंत्यविधी अशा मदतीची तरतूद आहे. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदणीकृत बायकांना दहा हजारांचं सन्मानधन मिळालं. कोविडमध्ये २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी दीड हजार जाहीर झाले तेही नोंदणी असलेल्यांनाच. मधली कित्येक वर्षं मंडळ नुसतं नावाला होतं, त्यामुळे बायकांचा विश्वास उडाला यात नवल नाही. नोंदणीचं नूतनीकरण मात्र विसरू नका, नाहीतर ऐन वेळी नाव 'जिवंत' सापडत नाही.

ई-श्रम वेगळं, ते केंद्राचं, ऑगस्ट २०२१ पासून. दोन्ही करावीत. ई-श्रमला मालकाची सही लागत नाही म्हणून बायका तेवढंच करतात आणि मंडळाचं झालं असं समजतात.

भरतीओहोटी (मालवण)

होमस्टेचं कुणी बोललं नाही. आमच्या किनाऱ्याला घर आणि हॉटेल यांच्यात भिंत उरलेली नाही. खाली मालक राहतो, वर चार खोल्या पर्यटकांना. बाई सकाळी मालकाची भांडी घासते, दहाला चेक-आउट झालं की वरच्या चादरी, संडास-बाथरूम, दुपारी पर्यटकांसाठी खवलं काढून मासे साफ. पगार 'घरकामाचा'. मालक कुणी धनदांडगा नाही, बहुतेक रापणीवाल्या मच्छीमारांचीच मुलं, कर्ज काढून खोल्या बांधलेली. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोलीचं भाडं दुप्पट होतं, चादरी बदलणारीचं नाही. हिला कुठला कायदा?

खाजणवाट (चिपळूण)

हा माझ्या मते धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न, कारण इथे उत्तर बाईच्या बाजूचं आहे.

पर्यटन विभागाकडे निवास-न्याहारी म्हणून नोंद आहे, ऑनलाइन बुकिंग घेता, पैसे घेऊन खोली देता, तर वरचे मजले हा धंदा आहे. तिथली बाई घरकामगार राहत नाही, ती आस्थापनेतली कामगार होते. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये निवासी हॉटेलं येतात; वीसपेक्षा कमी (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती) माणसं असली तर नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यायची असते, पण माणूस कामगार आहे हे बदलत नाही. आणि किमान वेतनाच्या जुन्या अनुसूचीत हॉटेल-उपाहारगृह हा उद्योग महाराष्ट्रात फार पूर्वीपासून होता. म्हणजे वरच्या मजल्यावर तिला किमान वेतन मागता येतं, खालच्या मजल्यावर नाही. जिना एकच.

सुरंगी (रत्नागिरी)

खालच्या मजल्यावर का नाही, ते जरा उलगडून सांगाल का? १९८२ च्या एशियाडच्या मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय ना की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा कलम २३ खालची सक्तीची मजुरी?

खाजणवाट (चिपळूण)

म्हटलंय, आणि न्या. भगवतींचा तो निकाल आजही भक्कम आहे. पोटाची भूक हीसुद्धा जबरदस्तीच, दंडुका लागतोच असं नाही, असा त्याचा गाभा. अडचण अशी की 'किमानपेक्षा कमी' म्हणायला आधी किमान ठरलेलं हवं. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाचं किमान वेतन ठरवलं, केरळ, राजस्थान, तमिळनाडूनेही ठरवलं. महाराष्ट्राने मंडळ काढलं, पण घरकाम किमान वेतनाच्या अनुसूचीत घातलं नाही. त्यामुळे कर्नाटकातल्या कारवारच्या बाईला जे कागदावर मिळालं ते वेंगुर्ल्याच्या बाईला कागदावरसुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेने अनुसूचीची जुनी पद्धत काढून टाकली, किमान वेतन सगळ्या कर्मचाऱ्यांना असं म्हटलं. वाचून बरं वाटतं. पण घर ही 'आस्थापना' आहे का, हा वाद उरतोच, आणि औद्योगिक संबंध संहितेने तर 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळलीय. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अजय मलिक प्रकरणात केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा हवा का हे तज्ज्ञ समिती नेमून सहा महिन्यांत बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण मान्यता देऊन तो स्वतःवर बांधून घेतलेला नाही. याच्यापुढे काय बोलणार.

सड्यावरची

मला दुसरं विचारायचंय. आमच्या शेजारणीवर चोरीचा आळ आला. गणपतीत पाहुण्यांची सोनसाखळी सापडेना. घरात पंधरा माणसं, पोरंटोरं, पण विचारलं हिलाच. आधी माजघरात बसवून तिची पिशवी उपडी केली, कपडे चाचपले. मग संध्याकाळी ठाण्यातून फोन, 'जरा येऊन जा'. गेली तर रात्री साडेनऊपर्यंत बाकड्यावर. साखळी दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्याच बॅगेत, पावडरच्या डब्याखाली. कुणी येऊन दोन शब्द बोललं नाही. तिने ते घर सोडलं, आणि वाडीत बोलवा झाला की सोडलं म्हणजे काहीतरी असणार. तिने काय करायला हवं होतं?

खाजणवाट (चिपळूण)

अंगझडती घ्यायचा अधिकार घरमालकाला नाही. पोलिसांनाही बाईची झडती बाईनेच, अब्रू राखून घ्यावी लागते. खोलीत अडवून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. चौकशीला साक्षीदार म्हणून बोलवायचं तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. हे आता (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. अटक सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी नाही. अपवादाला महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. अटक झालीच तर कारण सांगणं, वकील भेटू देणं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं हे घटनेच्या कलम २२ चं बंधन.

फोनवर 'जरा येऊन जा' आलं तर एकच वाक्य म्हणायचं: लेखी नोटीस द्या, मी घरी आहे. म्हणायला सोपं, हे मला कळतं. म्हणून पाठीशी कुणीतरी हवं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते. फोन १५१००.

आंबोशी (देवगड)

बागायतदार म्हणून लिहितो. नेपाळी राखणदारांचा उल्लेख आला म्हणून. माझ्या बागेत एक जोडपं आहे. तो कलमं राखतो, फवारणीला असतो, ती घरी आईला मदत करते. ठरलेला पगार त्याचा. तिचा वेगळा कधी ठरला नाही, कारण त्यांनी कधी मागितला नाही. ते परदेशी नागरिक, मग घटनेचे हक्क त्यांना कसे?

सुरंगी (रत्नागिरी)

हे मी खास शोधलं होतं. कलम १५ आणि १९ 'नागरिकां'साठी. पण १४ आणि २१ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' आहे. कायद्यापुढे समानता आणि जीविताचा हक्क यांना पासपोर्ट लागत नाही. २३ ला तर मुळीच नाही. आणि दादा, तिने मागितला नाही हे उत्तर होत नाही. राहायला मांगर तुमचा, पुढच्या हंगामात नवऱ्याला ठेवायचं की नाही हे तुमच्या हातात. तिने मागायचं कुणाच्या जोरावर?

त्यांची मुलं असतील तर आणखी एक. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा हा हक्क आहे, त्यातही नागरिक हा शब्द नाही. चौदाखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं ऑक्टोबर २००६ पासूनच बंद आहे. 'आईबरोबर येते, कप विसळते' हे आपल्याकडे फार सहज खपतं.

आंबोशी (देवगड)

मूल शाळेत जातं, तीन किलोमीटर चालत. पगाराचं आईशी बोलतो.

(नाव नको)

इथे विचारू का नको असं चाललं होतं. घरातल्या पुरुषाने त्रास दिला तर? बाई एकटी, घरात दुसरं कोणी नसतं. तक्रार केली तर चारही घरची कामं जातात.

खाजणवाट (चिपळूण)

ताई, विचारलंत ते बरं केलंत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात घर हे कामाचं ठिकाण म्हणून धरलंय आणि घरकाम करणारी बाई नाव घेऊन आलीय. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीला बंधनकारक आहे. तालुक्यालाही नोडल अधिकारी नेमायचा असतो. नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे.

एक खोच सांगून ठेवतो. ऑफिसातल्या बाईच्या तक्रारीची समिती स्वतः चौकशी करते. घरकामगाराच्या बाबतीत, तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. काहींना हे जलद वाटतं. मला वाटतं, पोलिसांत न जाता दाद मागायची वाट हिच्यापुरती बंद करून ठेवलीय. म्हणून आधी विधी सेवा समितीच्या वकिलाशी बोला, मग पाऊल टाका. महिला हेल्पलाइन १८१. मला इथून व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.

करवंद (कुडाळ)

ताई, आई म्हणते एकटीने जाऊ नका. तिच्या चार मैत्रिणी आहेत, कुठल्याही कचेरीत घोळक्याने जातात. साहेब आधी वैतागतात आणि मग खुर्च्या मागवतात.

अवांतर: पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून संघटना बांधली, तेव्हाही सुरुवात अशीच चारचौघींच्या घोळक्याने झाली असणार. आमच्या बाजूला वाड्या विखुरलेल्या, एक बाई एका डोंगरावर तर दुसरी खाडीपलीकडे. एकत्र येणार कधी? बाजाराच्या दिवशी, नाहीतर बचतगटाच्या बैठकीत. दाखल्याचे फॉर्म तिथेच भरून घ्यायला लागलोय आम्ही.

गावचा_चाकरमानी

@खाजणवाट, दाखल्याचा मसुदा इथे टाकाल का? मेमध्ये गावी जातोय.

खाजणवाट (चिपळूण)

घ्या. कार्यालयाचा छापील नमुना असेल तर तो वापरा, नसेल तर साध्या कागदावर:

"श्रीमती (नाव), राहणार (वाडी, गाव, तालुका), या माझ्या (पत्ता) येथील घरी (महिना, वर्ष) पासून घरकाम करतात. कामाचे स्वरूप: झाडलोट, भांडी, घराची देखभाल. मोबदला दरमहा रुपये ____. हा दाखला त्यांच्या विनंतीवरून महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळातील नोंदणीसाठी दिला आहे." खाली तारीख, सही, पूर्ण नाव, फोन.

एक प्रत तिला द्या, मूळ सहीची. तुमच्याकडे फोटो काढून ठेवा.

गावचा_चाकरमानी

मोबदल्याची ओळ गाळली तर चालेल का?

करवंद (कुडाळ)

नाही.

खाजणवाट (चिपळूण)

नोंदणी कदाचित अडणार नाही. पण उद्या पगार थकला, हात भाजला, आळ आला, तर ती ओळच तिच्या कामाची. भरा.